उलटी अक्षरं

१८ ऑगस्टची संध्याकाळ. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, आणि गोदेचं पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं ही बातमी येणारं प्रत्येक गिऱ्हाईक देऊन जात होतं. आमची फोटो लॅब नाशकात रविवार कारंजाजवळ. दुसऱ्या दिवशी जागतिक छायाचित्रण दिन, म्हणून प्रदर्शनांच्या प्रिंट्सची रांग लागलेली. त्यात कॉलेजच्या एका मुलीची फाईल होती. २० बाय २० इंच, कृष्णधवल, मॅट. एक उंच बाई, गंभीर चेहरा, पोटाशी धरलेला रोलीफ्लेक्स कॅमेरा.

फाईल उघडताच खटकलं. कॅमेऱ्यावरच्या नावाची अक्षरं उलटी होती. हँडलही भलत्या बाजूला. रोलीफ्लेक्समध्ये फिल्म पुढं सरकवायचं हँडल धरणाऱ्याच्या उजव्या हाताला असतं, म्हणजे समोरून काढलेल्या फोटोत ते आपल्या डावीकडे दिसायला हवं. इथं उजवीकडे! मी डार्करूममध्ये तयार झालेला माणूस. एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्हवरून प्रिंट काढायच्या यंत्रात, निगेटिव्ह पालथी बसली की प्रिंट उलटी येते. आमचे अण्णा या चुकीवर ओरडायचे नाहीत, नुसतं कागदाचं पाकीट हातातून काढून घ्यायचे. ते अजून लागतं मनाला. स्कॅन करणाऱ्यानं निगेटिव्ह पालथी ठेवली असणार असं धरून मी फाईल फ्लिप केली, प्रिंट काढली, सनबोर्डवर चिकटवली. पावतीवर मुलीचा नंबर होता. फोन केला नाही.

सातला ती भिजत आली. प्रिंट बघून गप्पच झाली.

"दादा, हा फोटो फिरवलात का?"

"अगं, उलटा आला होता. सरळ करून दिला."

"उलटाच आहे तो. तिनं आरशासमोर उभं राहून स्वतःच काढलाय."

ती बाई व्हिव्हियन मायर. शिकागोत चाळीसेक वर्षं लोकांच्या घरी मुलं सांभाळली. लाखाच्या वर फोटो काढले, दाखवले जवळजवळ कुणालाच नाहीत. भाडं थकलं म्हणून गोदामातलं तिचं सामान २००७ साली लिलावात गेलं. त्यातले शेकडो रोल धुतलेलेही नव्हते. २००९च्या एप्रिलमध्ये ती गेली. जगभर नाव झालं ते त्यानंतर.

मुलगी सांगत होती आणि माझी नजर प्रिंटवरून हलेना. ती उलटी अक्षरं म्हणजे तिची सही होती. ती सरळ केली की समोर दुसराच कुणी फोटोग्राफर उभा राहतो आणि ही बाई नुसती कॅमेरा धरून बसलेली होते. जिला उभ्या जन्मात कुणी फोटोग्राफर म्हणून ओळखलं नाही, तिच्याच फोटोतून तिला मी बाहेर काढलं होतं.

अण्णांचा रोलीफ्लेक्स कपाटात आहे. पासपोर्ट फोटोवाल्यांसाठी आरसा, कंगवा, पावडर ठेवतो, त्या आरशासमोर तो घेऊन उभा राहिलो. हँडल उजवीकडे, फाईलमध्ये होतं तस्संच. मग मान खाली घालून कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या काचेत पाहिलं. या कॅमेऱ्याच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस डावीकडे चालला की काचेत तो उजवीकडे जातो, नवख्याची तारांबळ उडते. पण आरशात उलटलेलं इथं पुन्हा उलटलं होतं. काचेवरचं बारीक बघायचं भिंग उघडलं, तर कॅमेऱ्याचं नाव सरळ वाचता येत होतं! म्हणजे फोटो काढताना व्हिव्हियनला ती अक्षरं सरळच दिसत असणार. फिल्मवर उतरली ती उलटी.

"मला बघू द्या ना," मुलगी म्हणाली. पट्टा तिच्या गळ्यात घातला. बराच वेळ तिनं मान वर केली नाही.

मूळ फाईल परत लावली. लाईट दोनदा गेली, प्रिंट निघायला साडेनऊ वाजले. पैसे एकाच प्रिंटचे घेतले. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून तिच्या वडिलांच्या स्कूटरवर दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याच धंद्यातल्या एका जुन्या माणसाचा फोन आला. कॉलेजच्या हॉलमधूनच बोलत होते. "अरे, तुझी एक प्रिंट उलटी निघालीय."

"काका," मी म्हटलं, "येताना लॅबवरून या. आरशासमोर उभं करून दाखवतो."