बारा नंबरच्या मेट्रोने चौथ्या क्रमांकाची वारी

पॅरिस 2024 ऑलिंपिकमध्ये आपली पदकं सहा आणि चौथे क्रमांकही सहाच. टोकियोत पदकतालिकेत 48वे होतो, इथे 71वे. या सहा चौथ्या क्रमांकांच्या जागा पाहायच्या ठरवल्या आणि नकाशा उघडला, तर तीन जागा मेट्रोच्या एकाच बारा नंबरच्या लाइनवर निघाल्या. उरलेले तिन्ही शातोरूच्या एकाच नेमबाजी केंद्रावरचे. दोन दिवसांत सगळं होतं.

सुरुवात दक्षिणेकडून, पोर्त द व्हर्साय स्टेशनपासून करा. नावाला भुलू नका. व्हर्सायचा राजवाडा इथे नाही, त्यासाठी आरईआर सी ही उपनगरी रेल्वे पकडावी लागते. इथे आहेत ती प्रदर्शनाची अवाढव्य दालनं. त्यातल्याच एकात 7 ऑगस्टला वेटलिफ्टिंगमध्ये मीराबाई चानूने स्नॅचमध्ये (बार एका दमात डोक्यावर) 88 आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) 111 किलो उचलले. एकूण 199. थायलंडच्या मुलीने 200 करून कांस्य नेलं. मीराबाईचा शेवटचा प्रयत्न 114 किलोचा होता आणि तो फसला. लोक त्या एका किलोवर हळहळतात. मला खटकतं ते वेगळंच: टोकियोतले तिचे स्वतःचे 202 किलो इथे कांस्याला पुरले असते. हांगचौच्या एशियाडमध्ये कंबरेच्या सांध्याला दुखापत झाली, मग कित्येक महिने सरावाबाहेर. 2024मध्ये स्पर्धेत उतरली ती थेट एप्रिलमध्ये. 49 किलो गटात तिच्या जोडीला दुसरी तयार खेळाडू का नव्हती, हे कोणी विचारत नाही.

तिथून मेरी द ओबेरव्हिलिए दिशेची गाडी घ्या, आसांब्ले नासिओनालला उतरा आणि नदीकाठाने दहाएक मिनिटं चाला. अँव्हालीद या जुन्या लष्करी वास्तूसमोरच्या हिरवळीवर तिरंदाजीचं तात्पुरतं मैदान होतं. आता तिथे गवत, फिरायला आलेले लोक आणि मागे तो सोनेरी घुमट, एवढंच. धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत कांस्यपदकाची लढत अमेरिकेकडून 2-6 हरले (एक सेट जिंकला की दोन गुण). सत्तर मीटरवर दहाचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं, आणि मिश्र सांघिकमध्ये दोघांनी मिळून चार बाण 80 सेकंदांत सोडायचे. तिसरा सेट आपण 38-34 घेतला, म्हणजे हात नक्कीच होता. पण एक सेट छान आणि बाकीचे तीन निसटते, हे तिरंदाजीत आपलं वर्षानुवर्षांचं दुखणं आहे.

परत त्याच लाइनने उत्तरेला, पोर्त द ला शापेल. बॅडमिंटनचा हॉल कायमस्वरूपी आहे, बाहेरून निवांत बघता येतो. लक्ष्य सेन इथे दोनदा जिंकता जिंकता हरला. उपांत्य फेरीत व्हिक्टर अॅक्सेलसनविरुद्ध पहिल्या गेममध्ये 20-17, दुसऱ्यात 7-0 पुढे, दोन्ही गेले. कांस्याच्या सामन्यात ली झी जियाविरुद्ध पहिला गेम 21-13 जिंकून दुसऱ्यात 8-3 आघाडी, आणि मग सलग नऊ गुण समोरच्याला. कोपरातून रक्त येत होतं, खेळ सारखा थांबत होता, मान्य. पण आघाडी असताना रॅली आखूड करून गुण उरकायचे सोडून तो शटल नुसतं परत पाठवत राहिला. याला नशीब म्हणायला मी तयार नाही.

दुसऱ्या दिवशी ऑस्टर्लिट्झ स्टेशनवरून शातोरू. सुमारे 270 किलोमीटर, रेल्वेने दोनेक तास. पॅरिसचा मेट्रो पास इथे चालत नाही. वेगळं तिकीट आधीच काढा आणि परतीच्या गाडीची वेळ पाहूनच निघा. केंद्र शहराबाहेर देओलला आहे.

अर्जुन बबुता दहा मीटर एअर रायफलमध्ये विसाव्या गोळीला 9.5 मारून 208.4वर बाहेर पडला. त्या निशाणावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे 9.5 ऐकायला बरं वाटलं तरी अंतिम फेरीत ती सरळ चूक. मनू भाकर 25 मीटर पिस्तूलमध्ये तिसऱ्या जागेसाठीच्या शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा फेरीत, 3-4 हरली. दोन पदकं आधीच गळ्यात होती, तिला काय बोलणार? स्कीटची, म्हणजे उडत्या तबकड्या टिपायच्या प्रकारातली, मिश्र जोडी चीनकडून 43-44 हरली. एक तबकडी.

आणि याच आवारात कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्टला 451.4 गुणांनी कांस्य घेतलं. खाशाबा जाधवांच्या 1952च्या हेलसिंकीनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं पहिलं वैयक्तिक पदक. 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये क्रम ठरलेला: आधी गुडघ्यावर, मग पडून, शेवटी उभ्याने. उभ्याने सगळ्यात कठीण, कारण सगळी रायफल डाव्या हातावर आणि शरीर जरा हललं की गोळी नऊमध्ये. पडून मारल्यानंतर तो पाचवा होता. तिथून वर चढला तो उभ्याने.