एका दुपारी विशाखापट्टणम : गाईडने लावलेला क्रम

विशाखापट्टणममध्ये आईच्या आणि माझ्या हातात एक मोकळी दुपार होती. दुसऱ्या दिवशी सिंहाचलमला, तिथल्या वराहनरसिंहाच्या मंदिरात, जायचं ठरलेलंच होतं, त्यामुळे शहर बघायचं ते त्याच दुपारी. अशा वेळी गाईडसोबतची छोटी टूर घ्यावी की रिक्षा करून आपापलं हिंडावं, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. आम्ही टूर घेतली. ती कशी निवडली आणि कशी पार पडली ते सविस्तर लिहिते, कारण निवडताना विचारलेल्या दोन-चार प्रश्नांवर पुढचं सगळं अवलंबून होतं.

आधी एका ठिकाणी चौकशी केली तर समोर छापील कागद आला. एका दिवसात बारा ठिकाणं, एसी बस, जेवणासकट. वाचताना छान वाटत होतं, पण प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार हे विचारल्यावर उत्तर आलं, "फोटो काढण्यापुरता." आईचे गुडघे दुखतात. बारा वेळा बसमधून चढ-उतार करायची म्हटलं तर तिची ताकद त्यातच संपली असती. तो कागद तिथेच ठेवला.

मग हॉटेलच्या काउंटरवरून एका स्थानिक आयोजकाचा नंबर मिळाला. त्यांची टेम्पो ट्रॅव्हलर दुपारी निघणार होती, माणसं मोजकी, ठिकाणं पाच. मी फोनवर चार गोष्टी विचारल्या. गाईड सोबत आत येतो की ड्रायव्हरच गाडीतून बोट दाखवतो? गाईड हिंदी बोलतो का? तिकिटं धरून पैसे आहेत की वेगळी? आणि पाणबुडीचं संग्रहालय त्या दिवशी उघडं आहे का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण ते सोमवारी बंद असतं, आणि पाणबुडी वगळून विशाखापट्टणमची टूर घेण्यात काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तरं मनासारखी आली. तिकिटं वेगळी काढावी लागणार होती, ते चाललं.

गाडीत आम्ही दोघी, रायपूरचं एक जोडपं, कोलकात्याचं एक कुटुंब आणि हैदराबादचे तीन विद्यार्थी. गाईड पन्नाशीच्या पुढचे, हातात छत्री, आवाज खणखणीत. आईला त्यांनी पहिल्या मिनिटापासून "अम्मा" म्हटलं आणि पुढची सीट दिली. आम्ही त्यांना "सर" म्हणायला लागलो. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी सांगितलं की आपण दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणार, आणि मधे कोणी "आधी हे दाखवा, ते दाखवा" म्हणू नका. मला तेव्हा ते जरा कडक वाटलं. संध्याकाळपर्यंत पटलं की त्या माणसाची खरी विद्या त्या क्रमातच होती.

पहिला थांबा रॉस हिल. बंदराजवळच्या एकमेकींना लागून असलेल्या टेकड्या, एकीवर चर्च, एकीवर दर्गा, एकीवर वेंकटेश्वराचं मंदिर. बहुतेक जण इथे येऊन तीन धर्मांचा फोटो काढतात आणि उतरतात. आमच्या गाईडनी ते दोन मिनिटांत आटपलं आणि सगळ्यांना कठड्याशी उभं करून समुद्राकडे बघायला लावलं. समोर डॉल्फिन्स नोज, म्हणजे डॉल्फिनच्या नाकासारखा समुद्रात घुसलेला डोंगराचा सुळका, आणि त्याच्या पायथ्याशी बंदरात शिरणारी पाण्याची चिंचोळी वाट. एवढी मोठी जहाजं एवढ्याशा वाटेने आत जातात हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. डोंगर आडवा असल्यामुळे आतलं पाणी शांत राहतं, म्हणून इथे बंदर झालं. मोठी जहाजं आत यायला लागली ती १९३३ पासून.

मग त्यांनी गोदीच्या दिशेने हात केला आणि विचारलं, "महाराष्ट्रातून कोण आहे?" आम्ही हात वर केले. म्हणाले, ती गोदी तुमच्या सोलापूरच्या माणसाने उभी केली. वालचंद हिराचंद! नाव माहीत होतं, शाळेत वाचलेलं होतं, पण ते असं बंगालच्या उपसागराच्या काठावर भेटेल असं वाटलं नव्हतं. वालचंदांच्या सिंदिया या जहाज कंपनीच्या या गोदीची पायाभरणी १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली आणि स्वतंत्र भारतात बांधलेलं 'जलउषा' हे जहाज मार्च १९४८ मध्ये इथूनच पाण्यात उतरलं, नेहरूंच्या हस्ते. आज ती हिंदुस्थान शिपयार्ड म्हणून ओळखली जाते. आई वळून वळून त्या क्रेन्सकडे बघत होती. इंग्रजांच्या राज्यात, महायुद्ध चालू असताना, देशी माणसाने जहाज बांधायचं मनावर घ्यायचं, ही साधी गोष्ट नाही. हे सांगणारा फलक तिथे मला तरी कुठे दिसला नाही. गाईड नसते तर आम्ही कोरड्याच परत आलो असतो.

निघताना ते समुद्राकडे बोट करून एवढंच म्हणाले, "बंदराच्या तोंडापासचं हे पाणी लक्षात ठेवा, परत त्याच्यावर येऊ."

तिथून रामकृष्ण बीच, ज्याला सगळे आर. के. बीच म्हणतात. वाळूत उभी असलेली आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी रस्त्यावरूनच दिसते. लांबी ९१ मीटर. फोटोत कधी अंदाज येत नाही. शेजारी उभं राहिलं की मान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावी लागते. सोव्हिएत बनावटीची, डिसेंबर १९६९ मध्ये नौदलात आली, २००१ मध्ये निवृत्त झाली, आणि २००२ मध्ये समुद्रातून ओढून इथे आणून लोकांसाठी उघडली.

आतमध्ये माहिती सांगायला नौदलातून निवृत्त झालेली माणसं असतात. आमचे गाईड दाराशीच थांबले आणि म्हणाले, "आत मी बोलणार नाही, हे बोलतील." ही त्यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आपल्याला जे पाठ आहे ते बोलून दाखवायचा मोह त्यांनी टाळला.

आत शिरल्यावर पहिला टॉर्पेडोचा, म्हणजे पाण्याखालून शत्रूच्या जहाजावर सोडायच्या अस्त्रांचा कप्पा. पुढच्या बाजूला सहा नळ्या, मागे शेवटच्या कप्प्यात चार, आणि एकूण बावीस टॉर्पेडो घेऊन ही पाणबुडी पाण्याखाली जायची. त्या टॉर्पेडोंच्या अंगाला लागूनच झोपायच्या फळ्या. मी एका फळीची रुंदी हाताने मोजून बघितली, दोन वितींपेक्षा फारशी जास्त भरली नाही. सुमारे पंचाहत्तर माणसं आत असायची. गोडं पाणी मोजून मिळायचं, अंघोळ ही चैन.

एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल दारं आहेत. दार म्हणजे भिंतीतलं जाड पोलादी भोक, गुडघ्याच्या वर सुरू होणारं. आई पहिल्या दाराशी थबकली. मागे रांग. तिथल्या निवृत्त नौसैनिकाने घाई केली नाही. "अम्मा, आधी वरची दांडी धरा. मग एक पाय. मग डोकं. दुसरा पाय सगळ्यात शेवटी." त्यांनी स्वतः करून दाखवलं, इतक्या सहज की वय विसरावं. आईने तसंच केलं. दुसऱ्या दाराशी तिला मदत लागली नाही आणि तिसऱ्या दाराशी ती कोलकात्याच्या काकूंना शिकवत होती, "पहले पाँव, फिर सिर."

ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी मात्र आधी विचार करावा. रांग एकाच दिशेने पुढे सरकते, गर्दीत मागे फिरणं अवघड जातं, आणि मधल्या भागात दोन्ही बाजूंनी झडपा, नळ, घड्याळासारख्या तबकड्या इतक्या जवळ येतात की खांदे आखडून चालावं लागतं. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. पँट किंवा सलवार घालून गेलात तर दारं सोपी जातात. आई साडीत होती, तिला निऱ्या सांभाळाव्या लागल्या.

नियंत्रण कक्षात त्या नौसैनिकांनी जरा वेळ दिला. पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते, इंजिन नाही चालवता येत, कारण डिझेल इंजिनाला हवा लागते. आमच्या पायांखाली, पाणबुडीच्या तळाशी, शेकडो बॅटऱ्या. त्या उतरल्या की पाण्याच्या पृष्ठभागाजवळ यायचं, एक नळी वर काढायची, तिच्यातून हवा ओढायची आणि इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या. "तोच वेळ सगळ्यात धोक्याचा," ते म्हणाले. "तेव्हा आम्ही आवाज करतो आणि दिसतो." हैदराबादच्या मुलांपैकी एकाने विचारलं, दिसतो म्हणजे कोणाला? ते हसले. "बाहेर जा, रस्त्यापलीकडे उभं आहे."

रस्त्यापलीकडे खरंच टीयू-१४२ उभं होतं. समुद्रावर गस्त घालून पाणबुड्या शोधणारं अजस्र विमान, १९८८ मध्ये नौदलात आलेलं आणि २०१७ मध्ये निवृत्त झालेलं. एकोणतीस वर्षांत या ताफ्याला एकही अपघात नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये हे संग्रहालय झालं. इंजिनं चार, पण प्रत्येक इंजिनावर एकामागे एक दोन पंखे, तेही एकमेकांच्या उलट फिरणारे. पाण्यात टाकायची ध्वनियंत्रं इथे मांडून ठेवली आहेत. विमानातून ती समुद्रात सोडायची आणि खालून येणारा इंजिनाचा आवाज वर बसून ऐकायचा. पाच मिनिटांपूर्वी ज्या इंजिनांच्या मधून आम्ही खांदे आखडून आलो होतो, त्यांचाच आवाज. आधी विमान आणि मग पाणबुडी बघितली असती तर ही दोन वेगवेगळी प्रदर्शनं वाटली असती.

त्यानंतर जवळच असलेलं 'व्हिक्टरी ॲट सी' स्मारक. १९७१ च्या युद्धातल्या नौदलाच्या विजयाचं, १९९६ मध्ये उभारलेलं. इथे गाईड पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. विक्रांत या आपल्या विमानवाहू जहाजाच्या मागावर पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमपर्यंत आली होती. विक्रांत तेव्हा अंदमानकडे सुरक्षित होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी बंदराच्या तोंडाबाहेर बुडाली. आपल्या राजपूत या विनाशिकेच्या मार्‍याने बुडाली असं आपलं नौदल सांगतं. तिच्यातच स्फोट झाला असं पाकिस्तानचं म्हणणं. गाईडनी दोन्ही बाजू सांगितल्या. आतलं कोणीही वाचलं नाही.

ते पाणी म्हणजे रॉस हिलवरून दाखवलेलं पाणी. आईने विचारलं, "ती पण अशीच होती का, आतून? अशीच दारं?" गाईड म्हणाले, बनावट वेगळी, अमेरिकेची, पण कप्पे आणि दारं साधारण तशीच. आई पुढे काही बोलली नाही. विजयाचा अभिमान मला होताच, आहेच. पण त्या गोल दारांतून तासाभरापूर्वी एकेक पाय टाकत बाहेर आल्यावर 'कोणीही वाचलं नाही' हे तीन शब्द फार जड झाले. हे स्मारक आधी दाखवलं असतं तर दगडावरची अक्षरं वाचून आम्ही पुढे निघालो असतो.

किनाऱ्यावर उतरायला थोडा वेळ मिळाला. इथे पाण्यात शिरू नका, हे सगळे सांगतात आणि ते ऐका. लाटा पाय ओढून नेतात, दरवर्षी माणसं बुडतात. पाय भिजवण्यापुरतं ठीक. पोहायला वा वाळूत निवांत बसायला उत्तरेकडचा ऋषीकोंडा बरा, त्याला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं मानांकन मिळालं होतं. पण आमच्या टूरमध्ये तो नव्हता. रायपूरच्या जोडप्याने तिकडे नेण्याचा आग्रह धरला. गाईडनी शांतपणे सांगितलं की मग पुढचं ठिकाण अंधारात बघावं लागेल. सगळ्यांना विचारून पुढे गेलो.

कैलासगिरीबद्दल थोडक्यात लिहिते. डोंगरावर शंकर-पार्वतीच्या पांढऱ्याशुभ्र भव्य मूर्ती, रोप-वे, छोटी आगगाडी, मुलांसाठी सगळी जत्रा. आम्ही गाडीनेच वर गेलो, रोप-वेच्या रांगेत आईला उभं करायचं नव्हतं. वर जाण्यासारखं एकच मोठं कारण आहे, आणि ते म्हणजे किनाऱ्याचं वळण. तिथून खाली बघितलं की दुपारी ज्या रस्त्याने आलो तो पूर्ण दिसतो, थेट डॉल्फिन्स नोजपर्यंत. कोकणातल्या माणसाला एक गोष्ट चुकल्यासारखी वाटेल : इथे सूर्य समुद्रात बुडत नाही, पाठीमागच्या डोंगरांत जातो. समुद्रावरचा सूर्य बघायचा तर पहाटे उठावं लागतं.

हॉटेलवर सोडताना गाईडनी पैशांबद्दल काही सुचवलंही नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना बक्षिशी दिली, मनापासून. आईने त्यांना विचारून घेतलं की सिंहाचलमला किती वाजता जावं. म्हणाले, सकाळी लवकर, आणि तिथे अर्धा दिवस धरा. वराहनरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते, मूळ रूप दिसतं ते अक्षय्य तृतीयेलाच. कृष्णदेवराय १५१६ मध्ये तिथे येऊन गेल्याचा शिलालेख आहे, तो पुजाऱ्यांना विचारून बघा. आणि वेळ उरला तर भीमुनिपट्टणमच्या रस्त्यावर तोटलकोंडाला जा, डोंगरावरचा बौद्ध मठ, नौदलाच्या पाहणीत सापडलेला.

सिंहाचलमला आम्ही लवकर गेलो. तोटलकोंडाला वेळ पुरला नाही. आईने तो पुढच्या खेपेसाठी वहीत लिहून ठेवला आहे, खाली ऋषीकोंडा.