तुम्ही विचारलंत म्हणून: गेरांदचं मीठ करडं का असतं?

फ्रान्सहून कुणी मिठाची पुडी आणली की हमखास येणारा प्रश्न: हे करडं, ओलसर मीठ खराब तर झालं नाही ना? आणि झालं नसेल तर इतकं महाग का?

खराब झालेलं नाही. तो करडा रंग मातीचा आहे. उत्तर एवढंच, पण ते नीट कळायला गेरांद हे गाव डोळ्यांपुढे यायला हवं.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, ल्वार नदीच्या मुखाच्या उत्तरेला एका उंचवट्यावर हे तटबंदीचं गाव आहे. चार वेशी आणि सुमारे दीड किलोमीटरचा कोट. आतल्या सेंत-ओबँ चर्चशी १३६५ सालचा तह जोडलेला आहे. त्या तहाने ब्रिटनीच्या, म्हणजे या भागातल्या जुन्या राज्याच्या, गादीचं लांबलेलं युद्ध संपलं. ब्रिटनीच्या ब्रेटन भाषेत गावाचं नाव ग्वेनरान. त्यातल्या ‘ग्वेन’चा अर्थ पांढरा. कोटाबाहेर येऊन खाली पाहिलं की समुद्रापर्यंत सुमारे २,००० हेक्टर मिठागरं पसरलेली दिसतात. गावाचे दगडी वाडे आणि व्यापार बऱ्याच अंशी या मिठावर उभे राहिले.

उरण-भाईंदरकडची मिठागरं पाहिलेल्यांना इथलं तत्त्व लगेच कळेल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीतून पाणी आत घेतात आणि मोठ्या तलावात साठवतात. तिथे गाळ खाली बसतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती तेवढी चढत नाही, म्हणून पुढच्या उधाणापर्यंत हा साठा पुरवावा लागतो. तिथून पाणी नागमोडी, उथळ वाफ्यांतून केवळ उताराने सरकतं. पंप लागत नाही. वाटेत स्लेटच्या फळ्या असतात, त्यांना भोकं पाडून खुंट्या मारलेल्या. किती खुंट्या काढायच्या यावर प्रवाह ठरतो. समुद्रातून येताना लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. शेवटच्या वाफ्यात, म्हणजे ‘अय्ये’त, ते २५० ग्रॅमच्या पुढे जातं. एक अय्ये साधारण ७० चौरस मीटरची, आणि तीत पाणी अगदी बोटभर.

या अय्येचा तळ चिकणमातीचा आहे, आणि रंगाचं कारण तेच. जाडं मीठ तळाशी धरतं. मीठकरी, त्यांना तिथे पाल्युदिए म्हणतात, लांब दांड्याच्या फावड्याने पाणी ढकलत ते मीठ वाफ्याच्या मधल्या गोल ओट्याकडे आणतो. तळ खरवडायचा नाही, पाण्याच्या लाटेवर मीठ वाहून आणायचं. हात किंचित जड पडला की माती उखडते, मीठ मळतं आणि तळाला खड्डा पडतो. हलक्या हातानेही मातीचे बारीक कण येतातच. मीठ धुत नाहीत, म्हणून करडेपणा राहतो. एका अय्येतून चांगल्या दिवशी ५० किलोच्या घरात जाडं मीठ निघतं.

‘फ्लर द सेल’, मिठाचं फूल, याहून वेगळं. ऊन आणि कोरडा वारा मिळाला तर दुपारनंतर पाण्यावर पातळ साय धरते. ती त्याच संध्याकाळी अलगद उचलावी लागते, नाहीतर बुडून जाड्या मिठात जमा होते. हवा दमट असली तर सायच धरत नाही. ही मातीला टेकत नाही म्हणून पांढरी असते. एका वाफ्यातून जेमतेम काही किलो मिळते, म्हणून भाव चढा. पूर्वी ती बायका काढत, आणि जाडं मीठ ‘गेद’ नावाच्या लाकडी भांड्यात भरून डोक्यावरून वाहत.

सगळ्यात मोठा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर हा हंगाम, त्यात एक जोराची सर आली की पाणी पातळ होतं आणि पुन्हा मीठ धरेपर्यंत कित्येक दिवस जातात. हिवाळ्यात माती जपण्यासाठी आगर पाण्याखाली ठेवतात. वसंतात चिखल काढून बांध पुन्हा हाताने लिंपतात.

जुन्या काळी ब्रिटनी मिठावरच्या ‘गाबेल’ करातून मुक्त होती. शेजारच्या प्रांतांत मात्र मीठ कित्येक पट महाग, त्यामुळे सीमेवर मिठाची तस्करी चाले. शिरोड्याचा १९३०चा मीठ सत्याग्रह ठाऊक असलेल्यांना मिठावरचा कर किती झोंबतो हे सांगायला नको. डिसेंबर १९९९मध्ये ‘एरिका’ हे तेलवाहू जहाज बुडालं, तेव्हा तेल शिरू नये म्हणून खाड्यांच्या तोंडांवर बांध घातले गेले. २०१२पासून या मिठाला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे.

आता पुडीचं काय करायचं? ओलं मीठ शेकरमध्ये अडकतं, मीठ दळायच्या छोट्या गिरणीचं पातं गंजवतं. उघड्या वाडग्यात ठेवा, बोटांनी चुरडून घाला. जाडं मीठ बटाटे उकडायला, मासे भाजायला उत्तम. फ्लर द सेल मात्र शिजवू नका, विरघळली की तिची मजा गेली. काकडीवर, टोमॅटोवर, ताटात वाढल्यावर भुरभुरा. आणि एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा: या मिठात आयोडीन मिसळलेलं नसतं. त्यामुळे घरातलं रोजचं आयोडीनयुक्त मीठ बंद करून त्याऐवजी हे वापरू नका.

पाहायला जायचं तर पॅरिसच्या माँपार्नास स्थानकावरून रेल्वेने ला बोल, तिथून बसने गेरांद. बुधवारी किंवा शनिवारी सकाळी कोटाच्या आत बाजार करा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कलल्यावर साय्ये गावाकडच्या आगरात उतरा. बांध मातीचे आहेत, सांगितलेल्या वाटेनेच चाला.