सिएटलची कौन्सिल आणि अण्णांचा आवक नंबर

मागच्या रविवारी अण्णांना फोनवर सांगत होते की इथं अमेरिकेत सिएटलची सिटी कौन्सिल, म्हणजे आपल्याकडची महापालिकाच समजा, ९ जणांची, ती दुसऱ्या देशातल्या गोष्टींवर पण ठराव घेते. अण्णांनी लगेच विचारलं, "माय, मग त्याची प्रत कुणाला पाठवायलेत ते? आवक नंबर भेटतो का?"

अण्णा पैठण तालुक्यातल्या आमच्या गावात दोन टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, त्यामुळं त्यांना ठराव म्हणलं की आधी शिक्का आठवतो. २०१२ च्या दुष्काळात जायकवाडीच्या इतक्या जवळ राहून आम्ही टँकरची वाट बघायचो, धरणाच्या जलाशयाचा, नाथसागराचा, तळ उघडा पडलेला, आणि वरची धरणं म्हणजे गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा ही सगळी नाशिक आणि नगर जिल्ह्यात. ग्रामसभेत ठराव आला की वरून पाणी सोडा. एक जण उठून म्हणला की आपला अधिकार नळ, नाली न् दिवाबत्तीचा, धरणाचं आपलं कोण ऐकणार. खरंच होतं ते, तो निर्णय पाटबंधारे महामंडळाचा. तरी अण्णांनी ठराव लिहून घेतला, सह्या घेतल्या, दुसऱ्या दिवशी एसटीनं तहसीलला जाऊन प्रत दिली आणि पोच घेऊनच परत आले. तो कागद अजून घरच्या कपाटात कॅरीबॅगमधी आहे. समन्यायी पाणीवाटप, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांत पाणी न्यायानं वाटणं, २००५ च्या कायद्यातच आहे हो, पण ते अंमलात यावं म्हणून मराठवाड्यातल्या लोकांना हायकोर्टात जावं लागलं, तेव्हा खालच्या गावांनी लिहून ठेवलेलं कधीच वाया जात नाही असं मला वाटतं. गावाची हद्द शिवारापाशी संपते पण नदी तिथं थांबत नाही ना.

आता इथलं सांगते. फेब्रुवारी २०२० मधी सिएटल कौन्सिलनं आपल्या सीएए-एनआरसीच्या, म्हणजे भारतातल्या नागरिकत्वाच्या कायद्याच्या आणि नागरिक नोंदणीच्या विरोधात ठराव घेतला, एकमतानं. आमच्या इथल्या मराठी ग्रुपमधी दोन तट पडले, काहीजण म्हणले बरं झालं कुणीतरी बोललं, काहीजण म्हणले आधी इथं फुटपाथवर तंबूत झोपणाऱ्या माणसांचं बघा. तो कायदा चांगला का वाईट हा वेगळा वाद, पण मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की त्या ठरावानंतर कौन्सिलला स्वतःच्या हातानं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कागद झाला, बातमी झाली, संपलं.

मग २१ फेब्रुवारी २०२३. कौन्सिलनं शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात 'जात' हा शब्द घातला, ६ विरुद्ध १ मतांनी, अमेरिकेतलं असं करणारं पहिलं शहर. मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत, जन्म पुण्याचा. त्यावेळी पण आपल्याच लोकांकडून तेच वाक्य ऐकलं, "हा भारतातला विषय, कौन्सिलला काय करायचंय." ह्याचा मला फार राग आला, अजून येतो. कारण हा नुसता ठराव नव्हताच, हा शहराचा कायदा होता. सिएटलमधली नोकरी, सिएटलमधलं भाड्याचं घर, सिएटलमधलं हॉटेल, ह्यात कुणाला जातीवरनं डावलायचं नाही. ह्याच्याइतकं महापालिकेच्या हद्दीतलं दुसरं काय असतं? माणूस विमानात बसला म्हणून जात विमानतळावर राहत नाही, सोबतच येते.

मी संभाजीनगरला शिकले, विद्यापीठाच्या गेटसमोरून रोजचं जाणंयेणं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला, आणि प्रत्यक्षात नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधी साडेपंधरा वर्षं गेली, दलित वस्त्या जळाल्या, माणसं मेली. ठराव करणाऱ्यांकडं पूर्ण अधिकार होता तरी हे झालं. त्यामुळं 'अधिकारात बसतं का' एवढ्याच प्रश्नावर कुणी विषय बंद करायला लागलं की माझं समाधान होत नाही.

आणि शहरं मनात आणली तर करतात पण. खाली कॅलिफोर्नियात बर्कली आहे, छोटंसं शहर, तिथल्या लोकांनी १९७९ मधी मतदान करून ठरवलं की दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीशी धंदा करणाऱ्या बँकांमधी शहराचा पैसा ठेवायचा नाही. परराष्ट्र धोरण त्यांच्या हातात नव्हतं पण स्वतःची तिजोरी होती, त्यांनी ती हलवली. पुढं बऱ्याच शहरांनी तेच केलं. त्यालाही मर्यादा आहे म्हणा, मॅसेच्युसेट्स राज्यानं म्यानमारशी धंदा करणाऱ्या कंपन्यांकडनं खरेदीवर असाच कायदा केला तो २००० साली सुप्रीम कोर्टानं रद्द केला, हे काम केंद्राचं म्हणून.

हे सगळं मी अण्णांना जमेल तसं सांगितलं. बर्कलीचं त्यांना लगेच पटलं, म्हणले पैसा हलवला म्हंजे ठराव खरा. सीएएच्या ठरावाबद्दल काही बोलले नाहीत.

यंदा गावाकडं पाऊस पुन्हा कमी आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत किती साठा आहे ते बघून वरून पाणी सोडायचं का ते ठरतं, आणि ग्रामसभा आहे २ ऑक्टोबरला. अण्णा आता सदस्य नाहीत पण जाणारेत. ह्यावेळी प्रत नुसती तहसीलला नको, महामंडळाच्या संभाजीनगरच्या ऑफिसात पण द्यायची म्हणले. मी म्हणलं पोच घेतली की फोटो पाठवा.