पिशवी होती तोवर

परवा एंडोस्कोपीच्या खोलीत मी गेले होते ती एका आजींची पोटावरची मलाची पिशवी गळतेय म्हणून. पलीकडच्या टेबलावरचा पोरगा ओळखीचा निघाला. स्क्रीनवर त्याचं आतडं, आणि ऑपरेशनात केलेल्या जोडाच्या जरा वर पांढरट ठिपके, भोवती लाल कडा. सर एवढंच म्हणाले, "परत आलं." म्हणजे त्याचं क्रोन्स, आतड्याला सूज आणि व्रण आणणारं दुखणं.

सहा महिन्यांपूर्वी याची पिशवी निघाली तेव्हा पेढा मीही खाल्ला होता. "सुटलास बाबा," असं म्हणालेही होते.

मी परळच्या एका हॉस्पिटलात स्टोमा सिस्टर आहे. पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला स्टोमा म्हणतात. लोकांना वाटतं, पिशवी चिकटवली की काम झालं. लहान आतड्यातून येणारा मल पातळ, पाचकरसांनी भरलेला. पिशवी कातडीला धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीचं भोक स्टोमापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर मोठं कापायचं. जास्त कापलं की उघडी राहिलेली कातडी सोलून निघते. रेसिडेंट मंडळी अंदाजपंचे कात्री चालवतात आणि कातडी गेली की मला हाक मारतात. स्टोमाची जागा ठरवतानाही माणसाला बसवून, उभं करून, वाकवून बघावं लागतं, पँटचा पट्टा कुठे येतो ते. भूल देऊन आडवा केल्यावर खूण करणाऱ्या सर्जनला हे कोण सांगणार? याची खूण मात्र मी स्वतः केली होती. पावसाळ्यात, डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत उभा राहून यायचा, तरी एकदाही गळली नाही.

त्याआधी त्याने नऊ महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, खाल्ली होती. लहान आतड्याच्या शेवटी व्रण दिसले की आपल्याकडे आधी टीबीच धरतात. चूक तरी कसं म्हणू? टीबी आणि क्रोन्स दोन्ही दिसतात सारखीच, आणि टीबी असताना क्रोन्सची जोरकस औषधं दिली तर टीबी उसळतो. पण तोवर याचं आतडं आकसून बंद झालं. खराब भाग कापला, टोकं जोडली आणि जोड भरून यावा म्हणून वरच्या अंगाला पिशवी. ती काढण्याआधी दुर्बीण घातली तेव्हा जोड स्वच्छ, एक ठिपका नाही. ऑपरेशनचं यश, असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

दुपारी चहाला सरांना छेडलं तेव्हा त्यांनी बेल्जियममधल्या लूवेनची गोष्ट सांगितली. 1991 साली तिथल्या डॉक्टरांनी असेच 5 रुग्ण पाहिले. पिशवी होती तोवर जोडाजवळचं आतडं शांत. आतडं परत सुरू केल्यावर सहा महिन्यांत पाचही जणांना व्रण. 1998 साली त्यांनी तीन रुग्णांच्या पिशवीतलंच पाणी त्यांच्या बंद ठेवलेल्या आतड्यात सोडलं, तर आठ दिवसांत सूज. मी रोज ज्याची मापं लिहून भांड्यात ओतते, तेच पाणी!

त्यात अन्नाचे कण असतात, पित्त असतं, पण मुख्य संशय जंतूंवर. क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांत सूज दाबणारे काही जंतू घटलेले सापडतात. फीकॅलिबॅक्टेरियम हे त्यातलं एक नाव, मी दोनदा विचारून वहीत उतरवलं. काहींच्या आतड्यात भिंतीला चिकटून आत घुसणारे ई. कोलाय असतात. आणि शरीराचे पहारेकरी घरच्या जंतूंवरही चोर समजून धावून जातात. आधी जंतू बिघडतात की आधी पहारेकरी, यावर सर नुसते हसले.

बाहेर त्याची आई उभी होती. "सिस्टर, दही-ताक वाढवू का?" सोसायटीतल्या कुणीतरी सांगितलं असणार. सोसत असेल तर द्या, पण त्याने हे दुखणं जायचं नाही, म्हटलं. "मग जंतूच मारून टाका की सगळे!" काकू, त्यात कामाचेही असतात ना.

भूल उतरल्यावर त्याने पोटावरच्या पिशवीच्या जुन्या खुणेवर हात ठेवला. "म्हणजे ती होती तोवर मी बरा होतो?"

सर औषध बदलणार आहेत, पिशवीचं कुणी काही बोललेलं नाही, असं मी भराभर सांगितलं. त्याने जे विचारलं त्याचं उत्तर ते नव्हतं.

"माझ्या उरलेल्या चकत्यांचे डबे तुम्हाला दिले होते, ते आहेत?"

तीन होते. दोन संपले, तिसऱ्यातली चकती आत्ताच आजींना लावून आले होते.