डर्टी काऊ, दिवाळी आणि तो फॉर्म : माझा अनुभव

ऑक्टोबर २०१६ ची गोष्ट, पण तो फॉर्म आठवला की अजून डोकं फिरतं. महापेला एका क्लायंटकडे आम्ही दोघं मिळून चाळीसेक लिनक्स सर्व्हर सांभाळायचो. तेव्हा कर्नलमधलं (लिनक्सच्या गाभ्यातलं) ते डर्टी काऊ नावाचं सुरक्षेचं भोक बाहेर आलं, निदान २००७ पासून तसंच पडून होतं. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने स्वतः लिहिलेलं की अकरा वर्षांपूर्वी मीच हे बुजवायचा प्रयत्न केला होता, नीट झाला नाही. पॅच (दुरुस्ती) आला, टेस्ट मशीनवर टाकला, चालला.

पण नवीन कर्नल लागू व्हायला सर्व्हर रीबूट करावा लागतो, आणि रीबूट म्हणजे चेंज रिक्वेस्ट, साहेबांची सही लागणारा परवानगीचा फॉर्म. पहिल्यांदा फॉर्म परत, रोलबॅक प्लॅन (बिघडलं तर मागे कसं जायचं ते) नाही म्हणून. लिहिला. दुसऱ्यांदा परत, कारण 'बाहेरून हल्ला शक्य आहे का' या रकान्यात मी खरं तेच लिहिलं, की नाही, आधी मशीनवर लॉगिन लागतं. झालं! साहेब म्हणाले, "मग घाई कसली, दिवाळीनंतर बघू." अहो, एकेका सर्व्हरवर साठ-साठ जणांची लॉगिनं, त्यात व्हेंडरची पोरं, सोडून गेलेल्यांचीपण चालू! मग समजवायला बसलो, की मेमरीतलं एकच पान सगळ्या प्रोसेस वाटून वापरतात, कोणी लिहायला गेलं की कर्नल त्याला वेगळी कॉपी काढून देतो (कॉपी-ऑन-राइट, त्यावरूनच 'काऊ'), आणि नेमक्या त्या कॉपीच्या गडबडीत दोन थ्रेड (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धारा) घुसवून वेळ साधली की लिखाण थेट मूळ फाइलवर पडतं, जी त्याला नुसती वाचायचीच परवानगी असते. साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मेल करा." तीन मेल केले, उत्तर नाही. वसुबारसेला घरी आई गायवासराची पूजा करत होती आणि मी इथे काऊ काऊ करत साहेबांच्या केबिनबाहेर उभा.

शेवटी लॅपटॉपच आत नेला. टेस्ट मशीनवर साध्या यूजरने लॉगिन केलं आणि रूटची (सगळे अधिकार असलेल्या खात्याची) रीड-ओन्ली फाइल त्यांच्यासमोर बदलून दाखवली. "हे आपल्या सर्व्हरवर पण होईल?" हो सर. पाच मिनिटांत सही! म्हणून सांगतो, समजावत बसू नका, दाखवा (फक्त टेस्ट मशीनवर हां), आणि त्या रकान्यात नुसतं 'नाही' लिहू नका, 'कुठलाही लॉगिनवाला रूट होऊ शकतो' असं लिहा.

रात्रीत सगळे रीबूट केले. एकावर बूट पार्टिशन (डिस्कवरची कर्नल ठेवायची जागा) भरलेलं म्हणून नवीन कर्नल बसलाच नव्हता, ते आधी बघून ठेवा, आणि अपडेट झालं म्हणून खूश होऊ नका, रीबूटनंतर यूनेम मायनस आर (uname -r) ही कमांड मारून चालू कर्नलचं व्हर्जन बघाच. या नादात माझी ठाण्याची शेवटची गाडी गेली.