नवव्या दिवसाची प्लेट

“मॅडम, ही प्लेट टाकून देऊ का?” असे आमच्या प्रयोगशाळेतील कनिष्ठ तंत्रज्ञ मुलीने त्या शनिवारी विचारले. बर्खोल्डेरिया हा जीवाणू शोधण्यासाठी लावलेली ती निवडक माध्यमाची (इतर जीवाणूंना रोखणाऱ्या पोषक थराची) प्लेट आमच्या रिवाजाप्रमाणे पाचव्या दिवशीच बाद व्हायची, पण ३० अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ती मागे राहून गेली होती आणि तो नववा दिवस होता. मी ती उजेडात तिरकी धरली. लालसर माध्यमावर टाचणीच्या टोकाएवढ्या, कोरड्या, मळकट पांढऱ्या वसाहती होत्या; लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, उचलताना त्या पसरल्या नाहीत, खपलीसारख्या सुटून आल्या. मायकोबॅक्टेरिया, म्हणजे क्षयाच्या जीवाणूचे कूळ, ओळखण्याच्या झील-नेल्सन रंजनात निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांचे पुंजके दिसले, आणि मला आठवला तो तीन महिन्यांपूर्वी माझ्याच सहीने गेलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल.

नमुना सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत घट्ट कफ साठवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचा होता. तिच्या डॉक्टरांना दीर्घकाळासाठी अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सुरू करायचे होते आणि त्याआधी क्षयेतर (क्षय न करणारे) मायकोबॅक्टेरिया नाहीत याची खात्री हवी होती, कारण त्यांच्याविरुद्धच्या उपचारात याच गटातील औषधांवर मोठी भिस्त असते आणि ते औषध एकटेच दिले तर जीवाणू त्याला दाद देईनासे होतात.

या रुग्णांच्या बेडक्याशी ज्याचा संबंध आलेला नाही, त्याला आमची अडचण कळणे कठीण आहे. तो हिरवट, चिकट असतो, पिपेटमधून तुटत नाही, आणि त्यात स्यूडोमोनास हा जीवाणू इतका माजलेला असतो की झाकण उघडताच द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. क्षयाच्या नमुन्यांसाठी आम्ही कफ पातळ करणारे ॲसिटिल सिस्टीन आणि सोडियम हायड्रॉक्साइड हा अल्कली वापरतो. पंधरा-वीस मिनिटांत इतर बहुतेक जीवाणू मरतात आणि मेणचट भिंतीमुळे मायकोबॅक्टेरिया तगतात. स्यूडोमोनास मात्र श्लेष्म्याच्या आवरणाखाली वाचतो आणि द्रव माध्यमाची नळी दोन दिवसांत गढूळ करतो. तिचे पहिले दोन्ही नमुने असेच ‘कंटॅमिनेटेड’ (इतर जीवाणूंनी दूषित) म्हणून गेले. तिसऱ्या वेळी मी अल्कलीनंतर ५ टक्के ऑक्झॅलिक आम्लाची पायरी जोडली. नळी ४२ दिवस स्वच्छ राहिली आणि मला त्या स्वच्छ नळीचे समाधान वाटले होते, हे मी लपवणार नाही.

वास्तविक ते आम्ल मायकोबॅक्टेरियांनाही मारते. नमुन्यात ते थोडेच असतील, तर स्वच्छ नळीचा अर्थ काहीही असू शकतो. हे मला पाठ होते, तरी अहवालात त्याचा एक शब्दही मी लिहिला नाही. कंटॅमिनेशनचे प्रमाण खाली आले की बैठकीत शाबासकी मिळते. ते खाली आणताना किती मायकोबॅक्टेरिया मेले याचा तक्ता कोणी मागत नाही. चुकून मागे राहिलेली ती प्लेट मात्र डिकंटॅमिनेशन, म्हणजे इतर जीवाणू मारण्याची ही प्रक्रिया, न करताच लावलेली होती. माध्यमातील प्रतिजैविकांनी स्यूडोमोनासला आवरले आणि मायकोबॅक्टेरियांना वेळ मिळाला.

एका नमुन्यावरून आजार ठरत नाही, म्हणून आणखी दोन मागवले आणि ते प्रक्रिया न करता ३० अंशांवर, या वेळी ठरवून, चार आठवड्यांसाठी लावले. दोन्हींत तेच आले: मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस. दरम्यान मुलीने अझिथ्रोमायसिन एकटेच घेतले होते. त्याच गटातील क्लॅरिथ्रोमायसिनच्या चाचणीत जीवाणू तिसऱ्या दिवशी औषधाला दबले आणि चौदाव्या दिवशी उसळले. हा प्रतिकार औषध समोर आले की जागा होतो. तो या जीवाणूच्या जनुकातच असतो, तिच्या गोळ्यांनी निर्माण झालेला नव्हे. हे वाचून मला सुटल्यासारखे वाटले, आणि त्या वाटण्याचीच मला अजून लाज वाटते, कारण तो जीवाणू असा उपजत प्रतिकार नसलेल्या दुसऱ्या प्रकारचा असता, तर दोष सरळ माझ्या अहवालाकडे आला असता, आणि सही करताना तो कोणत्या प्रकारचा आहे हे मला ठाऊक नव्हते.

जुन्या नळ्या पाहाव्यात म्हणून मी रजिस्टर काढले. तिन्ही नोंदींपुढे ‘ऑटोक्लेव्ह’, म्हणजे वाफेने निर्जंतुक करून टाकल्याचा, शिक्का होता.

आता अशा नमुन्यांच्या निगेटिव्ह अहवालाखाली मी एक ओळ घालते: ‘नमुन्यावर आम्लप्रक्रिया केली आहे, अल्प संख्येतील मायकोबॅक्टेरिया सुटलेले असू शकतात.’ या ओळीने प्रयोगशाळेवरचा विश्वास कमी होईल असे वरिष्ठांचे मत आहे. मला ते पटत नाही, आणि ती ओळ मी काढलेली नाही.